खेळाडूचे दुसरे आयुष्य

म्हैसूरची संध्याकाळ उन्हाळ्यातही सुखाची असते. चामुंडीच्या टेकडीवर दिवे लागू लागले, की कचेरीतून घरी परतणारा मनुष्य आपोआप पावले सावकाश टाकू लागतो. अशाच एका संध्याकाळी मी घराच्या फाटकाशी पोहोचलो, तो आमचे शेजारी माझी वाट पाहत उभे असलेले दिसले. हे गृहस्थ मूळचे बेळगावचे. नोकरीच्या निमित्ताने पुष्कळ वर्षांपूर्वी इकडे आले आणि इकडचेच झाले. त्यांची धाकटी मुलगी यंदा दहावीची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आहे. ती टेनिस खेळते, आणि हौसेपुरते नव्हे, तर नेटाने खेळते. तिच्या सर्व्हिसचा आवाज पहाटे आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो, असे तिची आजी अभिमानाने सांगते.

परंतु त्या दिवशी गृहस्थांच्या चेहऱ्यावर अभिमानापेक्षा चिंताच अधिक होती. मुलीला खेळ शिकवणाऱ्या माणसाने त्यांना स्पष्ट सांगितले होते, की तिला पी. यू. सी.च्या वर्गात घालू नका. परीक्षा बाहेरून देता येईल. ही दोन वर्षे सकाळ, दुपार, संध्याकाळ तिने कोर्टावरच काढली पाहिजेत. मुलगी तयार होती. आजीने मात्र जेवण सोडण्याची धमकी दिली होती. मुलीची आई दोघींच्या मध्ये उभी राहून थकली होती.

"अहो, तुमचे दहा ठिकाणचे वाचन असते," ते म्हणाले. "मला एवढेच सांगा, हा खेळ संपल्यावर पुढे काय? तिशीत खेळाडू म्हातारा होतो म्हणतात. मग उरलेली चाळीस वर्षे या पोरीने काय करायचे?"

मी त्यांना त्या वेळी उत्तर दिले नाही. ते आत येऊन बसले, चहा झाला आणि मी त्यांना एका माणसाची गोष्ट सांगितली. वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असाच प्रश्न एखाद्या संध्याकाळी उभा राहिला असेल, म्हणून तीच गोष्ट आज येथे सांगतो.

त्या माणसाचे नाव डेनिस राल्स्टन. जन्म २७ जुलै १९४२, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बेकर्सफील्ड या गावी. पोरवयातच त्याच्या हातातील रॅकेट लोकांच्या नजरेत भरली. त्या काळचा अतिशय बलाढ्य धंदेवाईक खेळाडू पांचो गोन्झालेस याने त्याला मार्गदर्शन केले. १९६० साली हा मुलगा विंबल्डनला गेला, तेव्हा त्याला अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. मेक्सिकोच्या राफाएल ओसुनाबरोबर तो दुहेरीत उतरला. या जोडीला मानांकन नव्हते, आणि ती जिंकेल असे कोणी म्हणतही नव्हते. अंतिम सामन्यात त्यांनी ब्रिटनच्या माइक डेव्हिस आणि बॉबी विल्सन यांना सरळ तीन सेटमध्ये हरवले. भारतीय वाचकांना ते वर्ष आणखी एका कारणासाठी स्मरणीय आहे. त्याच विंबल्डनमध्ये आपले रामनाथन कृष्णन एकेरीच्या उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचले होते.

सतराव्या वर्षी विंबल्डनचा चषक हाती आलेल्या मुलाला आपल्याकडे काय सल्ला मिळाला असता, त्याची कल्पना करणे अवघड नाही. आता पुस्तके कशाला, असेच दहापैकी नऊ जण म्हणाले असते. राल्स्टन मात्र लॉस एंजेलिसच्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाला. तेथे जॉर्ज टोली नावाचे प्रशिक्षक होते. विद्यापीठाच्या टेनिस संघाला त्यांनी आपल्या कारकिर्दीत दहा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. १९६२, १९६३ आणि १९६४ ही सलग तीन वर्षे तो मान त्यांच्याच संघाकडे होता. राल्स्टनने १९६३ आणि १९६४ मध्ये महाविद्यालयीन एकेरीचे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. दुहेरीचेही त्याच दोन वर्षांत मिळवले, पहिल्यांदा ओसुनाबरोबर आणि दुसऱ्यांदा बिल बाँडबरोबर. ज्याच्या जोडीने विंबल्डन जिंकले तो ओसुना विद्यापीठातही त्याचा सोबती होता, हा योग मोठा सुखद म्हटला पाहिजे.

येथवरची गोष्ट ऐकून शेजारी म्हणाले, "सारे सुरळीतच झाले की मग!" तसे मुळीच झाले नाही.

राल्स्टनचा हात जितका कुशल, तितका त्याचा स्वभाव तापट. चेंडू जाळ्यात गेला की तो स्वतःवर चिडे. पंचांचा निर्णय पटला नाही की त्यांच्यावर. वर्तमानपत्रांनी एका खोडकर चित्रमालिकेतील मुलाच्या नावावरून त्याला टोपणनावही देऊन टाकले. १९६१ साली मेक्सिकोविरुद्धच्या डेव्हिस चषक सामन्यातील त्याच्या वर्तनाबद्दल अमेरिकेच्या टेनिस संघटनेने त्याला काही काळासाठी निलंबित केले. एकोणीस वर्षांच्या मुलाला देशाच्या संघातील वागणुकीबद्दल अशी जाहीर शिक्षा होणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. असा डाग लागला की पुष्कळांचे खेळणेच संपते. राल्स्टनचे तसे झाले नाही. परतण्यासाठी त्याला एक संघ होता, एक वर्ग होता, आणि रोज दुपारी कोर्टावर वाट पाहणारा एक शिक्षक होता.

१९६३ साली तो आपल्या मुंबईत येऊन गेला. डेव्हिस चषकाच्या आंतरविभागीय अंतिम लढतीसाठी चक मॅकिन्ली, राल्स्टन आणि त्यांचे सहकारी मुंबईला उतरले आणि त्यांनी भारताला ५-० असे हरवले. तेथून पुढे ॲडलेड येथे अमेरिकेने ऑस्ट्रेलियाला ३-२ असे नमवून तो चषक जिंकला. मॅकिन्ली आणि राल्स्टन यांची दुहेरीची जोडी त्या काळी अमेरिकेचा आधारस्तंभ होती. अमेरिकेचे राष्ट्रीय दुहेरी अजिंक्यपद त्यांनी १९६१, १९६३ आणि १९६४ असे तीनदा मिळवले. १९६४ ते १९६६ ही तीन वर्षे अमेरिकेच्या क्रमवारीत राल्स्टन पहिला होता.

आता त्याच्या पराभवांकडे वळू. कारण मला वाटते, या गोष्टीचे मर्म तेथेच आहे. १९६६ साली तो विंबल्डनच्या एकेरीत अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि स्पेनच्या मान्युएल सांतानाकडून ६-४, ११-९, ६-४ असा हरला. आयुष्यात पुन्हा तशी संधी त्याला मिळाली नाही. त्याच वर्षी डेव्हिस चषकात अमेरिका ब्राझीलकडून अनपेक्षितपणे हरली. तो ब्राझीलचा संघ पुढे कलकत्त्याला आला. तेथे कृष्णन यांनी निर्णायक सामन्यात थॉमाझ कॉखला पाच सेटच्या झुंजीनंतर हरवले आणि भारत प्रथमच डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीत पोहोचला. एका देशाच्या घरी ज्या दिवसाबद्दल हळहळ वाटते, त्याचीच फळे दुसऱ्या देशाच्या अंगणात आनंदाने वेचली जातात. खेळाचा हा न्याय मुलांना लवकर कळलेला बरा.

त्याच सुमारास राल्स्टन धंदेवाईक झाला. आजच्या मुलांना या शब्दामागची अडचण सांगावी लागते. १९६८ पर्यंत विंबल्डन आणि इतर मोठ्या स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी होत्या. डेव्हिस चषकाचीही तीच अट होती. जो खेळाडू उघडपणे पैसे घेऊन खेळेल, त्याला ही दारे बंद. मग असे खेळाडू गावोगाव फिरत. आज एका सभागृहात, उद्या दुसऱ्या, लाकडी जमिनीवर अंथरलेल्या कापडी कोर्टावरसुद्धा खेळत आणि पोट भरत. डल्लसच्या लामार हंट यांच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या नव्या मंडळीत राल्स्टनसह आठ खेळाडू होते. जॉन न्यूकोंब आणि टोनी रोश हे ऑस्ट्रेलियन वीरही त्यांत होते. लौकरच, १९६८ मध्ये, मोठ्या स्पर्धा सर्वांना खुल्या झाल्या. परंतु राल्स्टनचे गुडघे तोवर कुरकुरू लागले होते. ज्या वयात आपल्याकडील तरुण नोकरीत कायम होतो, त्या वयात त्याच्या खेळाची उतरण सुरू झाली.

शेजाऱ्यांनी विचारलेला प्रश्न नेमका येथे येतो. पुढे काय?

राल्स्टन यांनी शिकवावयास आरंभ केला. अमेरिकेच्या डेव्हिस चषक संघाचे ते आधी प्रशिक्षक झाले आणि १९७२ मध्ये कर्णधार. या स्पर्धेत कर्णधार सहसा स्वतः खेळत नाही. तो कोर्टाच्या कडेला खुर्चीवर बसतो आणि बाजू बदलताना खेळाडूशी दोन शब्द बोलतो. त्या वर्षीची अंतिम लढत रुमानियाच्या राजधानीत, बुखारेस्ट येथे झाली. मातीचे कोर्ट, गर्जना करणारे प्रेक्षक, आणि रेषेवरच्या पंचांचे निर्णय एकाच बाजूला झुकत असल्याची पाहुण्यांची तक्रार. त्यातच म्युनिक ऑलिंपिकमधील हत्याकांडाला जेमतेम महिना झालेला, त्यामुळे खेळाडूंभोवती शस्त्रधारी पहारा. अशा वातावरणात स्टॅन स्मिथ हा इऑन त्सिरियाक या अत्यंत चतुर खेळाडूशी पाच सेट खेळला. स्मिथदेखील टोली यांचाच विद्यार्थी. चौथा सेट हरल्यावर कोणाचाही तोल गेला असता. स्मिथने पाचवा सेट ६-० असा जिंकला आणि चषक ३-२ असा अमेरिकेकडे राहिला.

कडेच्या खुर्चीवर कोण बसले होते, हे आठवा. अकरा वर्षांपूर्वी याच स्पर्धेत राग आवरला नाही म्हणून ज्याला शिक्षा झाली होती, तोच माणूस आज दुसऱ्याचे चित्त थाऱ्यावर ठेवावयास बसला होता. ज्याला कधी राग आलाच नाही, तो रागावलेल्या मुलाला काय शिकवणार? शिक्षकाजवळचे भांडवल त्याच्या विजयांएवढेच त्याच्या चुकांचेही असते. मात्र त्या चुका त्याने स्वतःशी कबूल केलेल्या असाव्या लागतात.

त्यानंतर, १९८० च्या दशकाच्या आरंभी, राल्स्टन टेक्सास राज्यातील डल्लस येथे सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या टेनिस संघाचे प्रशिक्षक झाले. नावाजलेल्या धंदेवाईक खेळाडूंना शिकवण्याचे काम त्यांच्याकडे होतेच. ख्रिस एव्हर्टसारख्या श्रेष्ठ खेळाडूनेही त्यांचे मार्गदर्शन घेतले. तरीसुद्धा अठरा-वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांचा संघ त्यांनी अंगावर घेतला. हे काम वरून दिसते तितके सोपे नाही. म्हणून त्याचे स्वरूप थोडे खुलासेवार सांगतो.

त्या काळी दोन महाविद्यालयांतील सामन्यात सहा एकेरीच्या आणि तीन दुहेरीच्या लढती होत. एकूण नऊ गुण. पाच ज्याला मिळतील तो संघ विजयी. यातली खुबी अशी, की पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूने मिळवलेला गुण आणि सहाव्या क्रमांकाच्या खेळाडूने मिळवलेला गुण यांची किंमत अगदी सारखी. वर्तमानपत्रात नाव पहिल्याचे येते. परंतु प्रशिक्षकाला रात्री झोप लागू देत नाही तो सहावा. तो नवखा असतो, घरापासून दूर आलेला असतो, कधी गणितात मागे पडलेला असतो. त्याच्याकडे ज्याचे लक्ष नाही, त्याचा संघ पाच गुणांपर्यंत पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट, महाविद्यालयीन सामन्यात प्रशिक्षकाला कोर्टाशेजारी राहून खेळाडूशी बोलता येते. विंबल्डनसारख्या स्पर्धांत हे बोलणे कित्येक दशके निषिद्ध होते. ते बंधन अगदी अलीकडे सैल झाले. म्हणजे महाविद्यालयीन संघाचा प्रशिक्षक हा खरोखर डेव्हिस चषकाच्या कर्णधाराच्याच खुर्चीवर बसलेला असतो. फरक एवढाच, की त्याच्यासमोर एक नव्हे, एकाच वेळी सहा कोर्टे चालू असतात, आणि कोणत्या कोर्टापाशी कोणत्या क्षणी उभे राहावे याचा निर्णय त्याने करावयाचा असतो.

तिसरी गोष्ट अभ्यासाची. तेथील नियमानुसार विद्यार्थी पूर्ण वेळ वर्गात नोंदलेला पाहिजे, ठरलेले विषय ठरलेल्या गतीने उत्तीर्ण होत गेला पाहिजे. नाहीतर त्याला संघातून खेळता येत नाही. म्हणून प्रशिक्षक मुलाच्या बॅकहँडबरोबर त्याच्या गुणपत्रिकेकडेही पाहतो. आपल्याकडे खेळाचा शिक्षक आणि वर्गाचा शिक्षक यांची एकमेकांशी ओळखही नसते, हे येथे लक्षात घ्यावे.

या कामात राल्स्टन यांना काय मिळाले? राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले नाही. १९८३ साली त्यांचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि स्टॅनफर्डकडून हरला. येथेही शेवटची पायरी राहूनच गेली. पण त्यांच्या हाताखालून गेलेली मुले पाहा. रॉडनी हार्मन हा त्यांचा विद्यार्थी १९८२ मध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या उपउपान्त्य फेरीपर्यंत पोहोचला. रिची रेनेबर्ग १९९२ मध्ये अमेरिकन आणि १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत दुहेरीचा विजेता झाला आणि दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचला. हार्मन पुढे स्वतः शिक्षक झाले. २०१२ मध्ये त्यांनी जॉर्जिया टेक या संस्थेच्या मुलींच्या संघाची सूत्रे हाती घेतली. टोलींपासून राल्स्टन, राल्स्टनपासून हार्मन, आणि हार्मनपासून आणखी कितीतरी मुली. आपल्याकडील संगीताच्या घराण्यांत जी परंपरा असते, तिच्याहून ही वेगळी आहे काय?

उतारवयाने राल्स्टन यांची कठोर परीक्षा पाहिली. गुडघ्यांवरील शस्त्रक्रिया आणि वेदना यांतून वेदनाशामक औषधांची सवय जडली. तिच्यातून त्यांना उपचार घेऊन बाहेर यावे लागले आणि ही गोष्ट त्यांनी लपवून ठेवली नाही. २०१० मध्ये डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यानंतरही ते कृत्रिम पायावर कोर्टावर परतले आणि ऑस्टिन शहरात शिकवीत राहिले. ६ डिसेंबर २०२० रोजी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. हिशेब केला तर असे दिसते, की अव्वल दर्जाचा खेळाडू म्हणून त्यांचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे आणि शिक्षक म्हणून चाळिसांहून अधिक वर्षांचे.

"म्हणजे उरलेली चाळीस वर्षे," शेजारी हळूच म्हणाले. मी मान हलवली.

तथापि परदेशातील एक गोष्ट सांगून आपल्या मुलीचा प्रश्न सुटत नाही. म्हणून आपल्याकडील उदाहरणेही पाहू. सोमदेव देववर्मन हा चेन्नईत वाढलेला मुलगा अमेरिकेच्या व्हर्जिनिया विद्यापीठात शिकला आणि २००७ व २००८ अशी लागोपाठ दोन वर्षे तेथील महाविद्यालयीन एकेरीचा विजेता झाला. राल्स्टनने १९६३ आणि १९६४ मध्ये मिळवलेला हाच तो मान. पुढे २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्याने एकेरीचे सुवर्णपदक जिंकले, आणि दुहेरीचे सुवर्णपदक सनम सिंग याच्यासह. सनमदेखील व्हर्जिनियाचाच विद्यार्थी.

आणि मराठी घरांना अधिक जवळचे नाव म्हणजे ऋतुजा भोसले. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील श्रीरामपूरची ही मुलगी टेक्सासमधील ए. अँड एम. विद्यापीठात शिकली आणि त्या संघातून खेळली. सप्टेंबर २०२३ मध्ये चीनच्या हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धेच्या मिश्र दुहेरीत तिने सुवर्णपदक मिळवले. तिचा जोडीदार कोण? आमच्या म्हैसूरच्या शेजारचाच, कोडगूचा रोहन बोपण्णा. त्या अंतिम सामन्यात ही जोडी पहिला सेट २-६ असा हरली होती. दुसरा ६-३ असा जिंकून निर्णायक भागात तिने १०-४ अशी बाजी मारली. पुस्तके वाचल्याने मुलीचा हात मंदावतो असे ज्यांना वाटते, त्यांनी तो सामना आठवावा.

परदेशी महाविद्यालयांची वाट दाखवताना पालकांना दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी, की शिष्यवृत्ती म्हणजे सारा खर्च फुकट, असा समज पुष्कळ ठिकाणी आहे. तो बरोबर नाही. तेथील पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठांना २०२४-२५ पर्यंत मुलांच्या टेनिस संघासाठी केवळ साडेचार पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, आणि त्या आठ-दहा खेळाडूंत वाटल्या जात. मुलींच्या संघाला आठ देता येत. शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदास मनाई करणारा जो कायदा अमेरिकेने १९७२ साली केला, त्यामुळे मुलींसाठी ही दारे अधिक उघडली. २०२५ पासून हे नियम बदलले आहेत. म्हणून कोणी मध्यस्थ मोठी आश्वासने देऊ लागला, तर आधी थेट त्या विद्यापीठाकडे लेखी चौकशी करावी. दुसरी गोष्ट अशी, की ही वाट ज्याला मिळत नाही, त्याच्यापुढे आपल्या देशातील वाटा बंद नाहीत. आंतरविद्यापीठ स्पर्धा आहेत. २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धाही भरू लागल्या आणि त्यांपैकी एक २०२२ मध्ये आमच्याच राज्यात, बंगळूरला झाली. शिकवण्याची विद्या शास्त्रशुद्ध रीतीने शिकावयाची तर पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून ते कार्य करीत आली आहे.

दूर कशाला जावे? म्हैसूरचे प्रल्हाद श्रीनाथ डेव्हिस चषकात भारताकडून खेळले आणि आपल्याच गावी मुलांना टेनिस शिकवू लागले. जगभर हिंडलेला खेळाडू आपल्या गावात परत येऊन पहाटे लहान मुलांच्या हातांत रॅकेट देतो, ही गोष्ट कोणत्याही चषकाएवढीच मोलाची मानली पाहिजे. कारण गावातील मुलाला विंबल्डन दूरचित्रवाणीवर दिसते. विंबल्डनच्या वाटेवर चालून आलेला माणूस मात्र समोर उभा राहिल्यावाचून त्या वाटेचे अंतर त्याला कळत नाही.

आपल्या महाविद्यालयांत या माणसांना जागा किती? बहुतेक ठिकाणी शारीरिक शिक्षणाचे एकच गृहस्थ कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सर्व खेळांचा भार वाहतात. ते आपल्या परीने कष्ट करतात, यात शंका नाही. परंतु ज्या गावात एखाद्या खेळाचा जाणकार खेळाडू राहतो, त्या गावातील महाविद्यालयाने आठवड्यातून दोन दिवस तरी त्याला सन्मानाने बोलवावे, यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. खेळाडूला त्याचे दुसरे आयुष्य मिळेल. आणि मुलांना मिळेल असा शिक्षक, की ज्याने हरणे स्वतः भोगले आहे.

त्या संध्याकाळी मी शेजाऱ्यांना शेवटी इतकेच म्हणालो, "पुस्तक की रॅकेट, असा प्रश्न मुलीपुढे ठेवूच नका. तिला शिकवणारा मनुष्य कसा आहे, तो तिच्या हरण्याच्या दिवशी तिच्याशी काय बोलतो, आणि तिची गुणपत्रिका त्याने कधी पाहिली आहे काय, हे आधी विचारा."

पुढच्या आठवड्यात ते तिच्या प्रशिक्षकाला जाऊन भेटले. काय बोलणे झाले, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. पण गेल्या सोमवारी मुलगी पेढे घेऊन आमच्या घरी आली. पी. यू. सी.ला वाणिज्य शाखेत तिने नाव घातले होते. सरावाच्या वेळा सकाळी साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी दोन तास अशा ठरल्या होत्या.

"काका," ती दाराशी थांबून म्हणाली, "तुमचे ते राल्स्टन विंबल्डनचा अंतिम सामना हरले, तेव्हा त्यांचे वय काय होते?"

"चोवीस पुरे व्हावयाचे होते," मी म्हणालो.

तिने बोटांवर काही मोजले, स्वतःशीच हसली आणि निघून गेली. आजीचे जेवण नियमित चालू आहे. पहाटे सर्व्हिसचा आवाजही गल्लीच्या टोकापर्यंत येतोच आहे.